वळशाची वाट

१२ डिसेंबर १९८६, शुक्रवार

शाळेत पुठ्ठ्याच्या बंदुका कापतायत! गोवा मुक्तीला पंचवीस वर्षं झाली म्हणून. हेडमास्तर मला वर्गात घेऊन गेले, कौतुकाने सगळं दाखवलं. एकाने तोफ केली आहे, नळी सरळ आभाळाकडे. म्हटलं, "अशी डागलीस तर गोळा तुझ्याच डोक्यावर पडेल." सगळी हसली. मला हसू आलं नाही.

उत्सव समितीचा अध्यक्ष प्रवीणबाब. खनिजाचे सात ट्रक शिरगावच्या खाणीवर लावलेत. फौजेत एक दिवस काढलेला नाही, पण बोलतो सेनापतीसारखा. "सुभेदारानूं, एकुणीस तारखेक तुमचें भाशण." विषय त्याने कागदावर लिहूनच आणला होता — 'विसाव्या शतकातील युद्धनीती आणि शस्त्रांची निवड.' कुठल्या पुस्तकातून उतरवला कोण जाणे. "बरें रंगोवन सांगात. भुरग्यांक स्फुरण येवंक जाय."

मुलांना स्फुरण!

हो म्हणालो. का म्हणालो?

१४ डिसेंबर, रविवार

सकाळपासून मेजावर बसून भाषणाचं टिपण काढतोय. चार कागद फाडले.

काय सांगू? चोवीस वर्षं सॅपर होतो. पूल बांधले, पूल उडवले. सुरुंग पेरले, सुरुंग काढले. एकसष्ट साली दोडामार्गाकडून गोव्यात शिरलो तेव्हा नाईक होतो. पोर्तुगीज पाखल्यांनी जाताना पूल उडवले होते, आम्ही उतार शोधत, ओंडके टाकत पुढे आलो. एकही गोळी झाडली नाही. लोकांनी वाटेत शहाळी दिली. ते सांगायला सोपं आहे. टाळ्याही मिळतील.

पण शस्त्रांची निवड! ती मी खडकीत शिकवली आहे. शेवटची तीन वर्षं तिथे उस्ताद होतो. शिकवायचो — मेलेला शत्रू स्वस्त पडतो, जखमी महाग पडतो. मेलेल्यासाठी कोणी थांबत नाही. जखमी ओरडतो. त्याला उचलायला चार जण, मग गाडी, मग डॉक्टर, मग घरी जन्मभराचं पेन्शन. आणि ते ओरडणं ऐकून मागच्यांचे पाय जागचे हलत नाहीत. म्हणून माणसासाठीच्या सुरुंगात दारू बेताची. पाऊल जाईल, जीव राहील एवढीच. कोणीतरी शिकलेल्या माणसाने हा हिशोब खुर्चीत बसून मांडला असणार, शेजारी चहा ठेवून. मी तो पाठ केला आणि विशीतल्या पोरांकडून पाठ करून घेतला. चुकलं की त्यांना पळायला लावायचो.

पहिल्या महायुद्धात वारा बघून विषारी वायू सोडला. दुसऱ्यात रात्रीत शहरं जाळली. आणि मग हा हाताच्या तळव्यात मावणारा डबा. शतक पुढे पुढेच गेलं म्हणायचं!

एकाहत्तरच्या लढाईत शकरगढच्या बाजूला आमच्याच हद्दीतल्या शेतांत सुरुंगांचा पट्टा पेरला. बाहत्तरला आम्हीच काढायला गेलो. नकाशात खूण होती एका बाभळीची. बाभूळ कोणीतरी जळणाला तोडून नेलेली. अंदाजाने मोजलं. चाळीस पावलं चुकलो. शेत मोकळं झालं असं लिहून दिलं, सही माझी. दुसऱ्या दिवशी चाऱ्याचा भारा घेऊन एक बाई त्या शेतातून गेली.

तिचं नावसुद्धा विचारलं नाही. नंतर मला बढती मिळाली.

ठरलं. एकोणीसला हेच सांगणार. फक्त हेच.

१७ डिसेंबर, बुधवार

बायकोला, सुशीलाला, टिपण वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या बायलेचा सांगू नकात. शाळेची पोरा भिततली." म्हटलं, भिऊ देत. चुलीकडे निघून गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सभागृह भरलेलं. दोनशे माणूस असेल. पुढे मुलं, मागे बाप्ये. मी त्या बाईपासूनच सुरुवात केली — "एक बाई होती, तिच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा होता." चुळबूळ सुरू. प्रवीणबाब खोकला. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, "सुभेदार, लढायेचें सांगात!"

मी थांबलो. आणि खडू उचलला!

फळ्यावर रस्ता काढला. रस्त्यावर आडवं झाड. विचारलं, शत्रू काय करील? मुलं ओरडली, "वळसो घालतलो!" म्हटलं, शाब्बास, मग सुरुंग कुठे ठेवायचा? "वळशाच्या वाटेर!" अगदी बरोबर. झाड शत्रूला अडवायला नसतंच, त्याला आपल्याला हव्या त्या वाटेवर वळवायला असतं. माणूस अडथळ्याकडे बघतो, पायाकडे बघत नाही. उपसलेली माती दूर नेऊन टाकायची, ती दिसली तर सगळं फुकट. मारायचं कशाला? जखमी करा, चार जण आपोआप कमी होतात. हेही सांगितलं. तेच वाक्य, तसंच, खडकीत म्हणायचो त्या आवाजात.

टाळ्या थांबेनात. ती बाई तशीच राहिली, अर्ध्या शेतात.

आणि मला बरं वाटलं. हे लिहूनच ठेवतो — बरं वाटलं. छाती भरून आली! दहा वर्षांत कोणी माझं एवढं ऐकलं नव्हतं. आमचा सतीश सुर्ल्याच्या खाणीतल्या कचेरीतून अर्धी रजा टाकून आला होता. पुढच्या रांगेत बसलेला. घरी येताना म्हणाला, "बाबा, तुमी असे बोलतास ह्या माका ठावकच नाय होता." पोरगा चोवीस वर्षांचा झाला, एवढं तोंड भरून पहिल्यांदाच बोलला.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी आरशात बघून दाढी करवेना.

२२ डिसेंबर, सोमवार

राजभाषा कोकणी की मराठी, यावरून सगळीकडे पेटलं आहे. मडगावाकडे, पणजीकडे झाडं पाडून रस्ते बंद केल्याच्या बातम्या. आता इकडेही तीच हवा. दोन्ही बाजूंची माणसं आज माझ्या सोप्यावर येऊन गेली — एक गेली, दुसरी आली, बसायची कदेलं गरमच. दोघांनाही एकच हवं होतं. रस्ता कुठे अडवला तर पोलिसांच्या गाड्या अडतील? तुम्ही जाणकार!

म्हटलं, मी पूल बांधून देतो. हवा आहे कोणाला?

हसत हसत गेले.

२३ डिसेंबर, मंगळवार

हात धुतले तरी वास जात नाही.

सकाळी सहाला पोदेर येतो. मिंगेल. सायकलवर पावांची टोपली, भोंग्याचा आवाज ऐकला की सुशीला दार उघडते. आज साडेसहा झाले, पावणेसात झाले. कोणीतरी सांगितलं, रस्त्याच्या मोरीपाशी झाड पाडलंय. म्हटलं बघून यावं.

आंब्याचं मोठं झाड रस्त्यावर आडवं. डाव्या हाताला भाताच्या कुणग्याच्या मेरेवरून, बांधावरून, पायवाट जाते. तिथे सायकल पडलेली. टोपलीतले उंडे चिखलात. कावळे पाव खात होते. आणि तो कमरेपर्यंत खड्ड्यात, मेरेला मिठी मारून, ओरडायची ताकदसुद्धा संपलेली. "सुभेदार, म्हजो पांय! पळय मरे!" खड्ड्यात लोखंडी सळ्या रोवलेल्या. एक बुटातून वर आलेली.

मफलर काढून मांडीला आवळला. हाक मारून माणसं गोळा केली. उचलायला चौघं लागले. मोजले मी! त्या वेळी, रक्ताने माखलेला असताना, मोजले!

ट्रकमध्ये घालून म्हापशाला नेला.

२४ डिसेंबर, बुधवार

दुपारी परत मोरीपाशी गेलो. पोलीस येऊन गेले होते. झाड हलवलेलं.

खड्डा उकिडवा बसून पाहिला. मेर जिथे अरुंद होते, सायकल खांद्यावर घेतली की पाऊल जिथे टाकावंच लागतं, अगदी तिथे. वर सुकी पानं, त्यावर थोडी माती, आजूबाजूच्या रंगाची. उपसलेली माती कुठेच नाही. शोधली तेव्हा शंभर पावलांवर ओहोळात सापडली.

खडकीत कोणी असं काम करून दाखवलं असतं तर पूर्ण गुण दिले असते.

ज्याने हे केलं त्याने माझं भाषण मन लावून ऐकलं. शब्द न् शब्द.

कोणत्या बाजूचं काम, ते कळलं तरी या वहीत लिहिणार नाही. उद्या कोणी वाचली तर मिंगेलचा पाय विसरेल आणि भाषा तेवढी लक्षात ठेवेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पाय काढला. गुडघ्याखालून. काल नाताळ होता. त्याच्या दारात कागदाचा तारा टांगलेला, आत दिवा लावलेला नाही. बायको एस्पेरांस इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेली. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले — "देव बरें करूं, सुभेदार. तूं पावलो म्हणून जितो उरलो."

माझे हात!

२९ डिसेंबर, सोमवार

प्रवीणबाबच्या घरी गेलो. चार जण बसले होते, त्यांच्यादेखत विचारलं. म्हटलं, झाड तुमच्या माणसांनी पाडलं, खड्डाही तुम्हीच खणलात. लाज नाही वाटत? रोज त्याचाच पाव खाता!

तो चिडला नाही, त्याचाच मला संशय आला. बाकीच्यांना बाहेर पाठवलं. म्हणाला, "झाड आमीं घातलें. फट कित्याक मारूं, खोटें कित्याक सांगूं? पूण फोंड आमी खणूंक ना. तें फौजी काम." मग हळू आवाजात, "तुमच्या घरांत विचारात, सुभेदारानूं."

घरी आलो. सतीश अंगणात मोटारसायकल पुसत होता. विचारलं. फडका हातातच राहिला.

"पोलिसांची मोटारसायकल त्या वाटेन येतली असा वाटला माका."

"मिंगेल किती वाजता येतो?"

"सा वाजता."

"रोज?"

"रोज."

"मग?"

"ध्यानातच नाय इला, बाबा." आणि मग वर बघून म्हणाला, "तुमीच सांगलात ना — मरूक नको. एक जखमी झालो की बाकीचे परत जातत. म्हणून सळयो बारीक घेतलंय. खाणीवरसून."

बारीक! म्हणजे त्यानेही मोजलं. दया म्हणून मोजलं!

हात उचलला. तसाच खाली घेतला. कोणाला मारायचं ते ठरेना.

सुशीला जनेलातून बघत होती. तिने सगळं ऐकलं.

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

हवालदार घरी आला. चौकशीला नाही, सल्ल्याला! "सुभेदार, तुम्ही यातले. खड्डा बघितलात. कोणाचं काम वाटतं?" सतीश आत होता. सुशीला चहा घेऊन आली.

म्हणालो, "रानडुकरासाठी कोणीतरी खणला असेल. त्या कुणग्यात डुकरं येतात."

त्याने लिहून घेतलं. मान डोलावली. माझ्यासारखा माणूस सांगतो म्हटल्यावर त्याने का शंका घ्यावी? जाताना सलाम केला. कडक!

पुन्हा एकदा शेत मोकळं झालं असं लिहून दिलं.

११ जानेवारी, रविवार

सतीश माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्याशी बोलत नाही. सुशीला दोघांना वेगवेगळं वाढते.

४ फेब्रुवारी, बुधवार

राजभाषेचा कायदा झाला. कोणी फटाके लावले, कोणी निषेध केला. संध्याकाळी दोन्हीकडचे हॉटेलात एकाच बाकड्यावर बसून भजी खाताना पाहिले. चांगलंच आहे. पण मिंगेलचं नाव कोणी काढत नाही. तो कोणाच्याच यादीत नाही, ना हुतात्म्यांच्या, ना शत्रूच्या.

१५ मार्च, रविवार

मिंगेल कुबड्यांवर अंगणात येतो. भट्टी बंद. एस्पेरांस म्हापशाहून दुसऱ्याचे पाव आणून घरोघर चालत विकते. मागच्या महिन्यात पहिल्यांदा आमच्या दारात आली. सुशीलाने पाव घेतले आणि ती गेल्यावर टोपलीपाशी तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात पाव कोणी खात नाही. रोज घेतो, गुरांना घालतो.

१८ एप्रिल, शनिवार

रेडिओवर तोफांच्या बातम्या. परदेशी तोफांच्या खरेदीत दलाली दिली गेली असा आरोप. सरकार म्हणतं, खोटं. हॉटेलात सगळे तावातावाने बोलत होते — कोणी खाल्ले, किती खाल्ले. ती तोफ कुणावर पडणार ते एकाने विचारलं नाही. मला कोणीतरी म्हणालं, "सुभेदार, तुम्ही भाषण दिलं होतं ना, शस्त्रं कशी निवडतात? हे घ्या!" मोठा हशा.

किळस येते. त्यांची, आणि हशात नकळत ओठ हलले त्या माझी.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी एका साहेबाला विचारलं होतं, सर, हा सुरुंग कोणी शोधला? म्हणाले, कोणी एकाने नाही, कमिटीने. तेव्हा उत्तर पटलं होतं. आता वाटतं, सगळी अक्कल त्यातच आहे. ठरवणारे वर, बनवणारे कारखान्यात, शिकवणारे वर्गात, पेरणारे शेतात. प्रत्येकाकडे चतकोर पाप. पाय मात्र अख्खा जातो.

२८ मे, गुरुवार

परवा गोवा घटकराज्य होणार. गावात पताका. प्रवीणबाब स्वतः आला. त्याच्या बोलण्यात खड्ड्याचा विषय नाही, जणू तसं काही घडलंच नाही. "सुभेदारानूं, तिसाक पांच मिण्टां भाशण करात. आजून लोक तुमची याद काडटात. त्या फळ्यावेल्या रस्त्याची!"

त्याला दाराबाहेर काढला. अंगणातून जाताना तो सतीशकडे बघून हसला. ते हसू मी ओळखतो. हा हसत राहणार, पाच वर्षं, दहा वर्षं. जेव्हा जेव्हा काही हवं असेल तेव्हा अंगणात येणार आणि पोराकडे बघून हसणार.

सुशीलाला सांगितलं, मी चौकीवर जातो. खड्डा मी खणला असं सांगतो. पटण्यासारखं आहे — काम फौजी, भाषण माझं, खोटा जबाबही माझाच. तिने विरोध करावा असं वाटत होतं. पदराला हात पुसत म्हणाली, "जावा. तेचा लगीन व्हायचा आसा." एवढंच. तिचा राग नाही आला. तिनेही निवड केली.

पण आधी मिंगेलला सांगायचं. पोलिसांच्या आधी त्याला. आपल्यामुळे ज्याला लागलं त्याच्यासमोर आपण कधी उभे राहिलो नाही, ना त्या बाईसमोर, ना कोणासमोर.

३० मे, शनिवार

बँड वाजतोय. जाणार होतो, पण आज नको. आज त्याच्या अंगणातही मिठाई वाटणारे असतील. उद्या.

३१ मे, रविवार

मिंगेल अंगणात बाकड्यावर एकटाच होता. एस्पेरांस मिसाला गेलेली. उभ्याउभ्याच सांगितलं — खड्डा मी खणला.

त्याने कुबड्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, "फट मारता तूं, सुभेदार. तुजो पूत जानेवारींतच येवन सगळें सांगून गेला. दर आयतारा येता, चुलीचीं लाकडां फोडून दिता. पोलिसांगेर वतां म्हणटालो. हांवेंच आडायलो. बापायक सोंसचें ना, म्हणलें."

पोलिसांकडे निघालेल्या पोराला याने माझ्यासाठी अडवलं होतं. त्याने बाकड्यावर जागा करून दिली. बसलो.

घराच्या मागून लाकडं फोडण्याचा आवाज येत होता. मागे गेलो. सतीशने मला पाहिलं, कुऱ्हाड भिंतीला टेकवली, हात धुतले. पेडण्याची बस अकराची होती. दोघं शेजारी बसलो. चौकीवर आधी मी बोललो — जानेवारीतला माझा जबाब खोटा होता. मग तो बोलला. त्याचा आवाज एकदाही कापला नाही.

आता घरी आलो. एकटाच. सुशीला विचारतेय, "सतीश खंय?"